नावावर पट्टी

समजा, तुम्ही खिडकीच्या आतल्या बाजूला बसला आहात. जून महिना आहे, डोक्यावर पंखा फिरतो आहे पण वारा लागत नाही, आणि गजांमधून एक हात आत येतो. हातात मार्कांचा मेमो. गुणपत्रिकेला हैदराबादेत मेमोच म्हणतात. कुठल्यातरी कॉलेजात दोन वर्षं काढलेली एक मुलगी तुमच्या युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला येऊ पाहते आहे. तुम्हाला एवढंच करायचं आहे: दोन्ही वर्षांचे मार्क बघायचे, बेरीज पडताळायची, साठ टक्के भरतात का ते पाहायचं. भरले तर अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यात. नाही भरले तर परत त्याच हातात. काम शिकायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. करून बघा. आणि जमलं तर त्या हातामागच्या चेहऱ्याकडे न बघता करून बघा.

नीलिमा हे काम सात वर्षं करते आहे. शहराबाहेर नव्याने उभ्या राहिलेल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत, बदलून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खिडकीवर. मेमो समोर आला की ती आधी आपली स्टीलची फूटपट्टी उचलते आणि वरच्या दोन ओळींवर आडवी ठेवते. त्या दोन ओळींत विद्यार्थ्याचं नाव असतं आणि त्याखाली वडिलांचं. मग ती खालचे आकडे वाचते. बेरीज झाली, निकाल ठरला, की मगच पट्टी उचलते.

शेजारच्या टेबलावरची स्वाती नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आली आणि वेळ जात नाही म्हणून कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, नावाला ऊन लागतं का? झाकून ठेवता ते?"

"सवय आहे."

"ही कसली सवय! एखादा आपल्या ओळखीचा निघाला तर?"

"म्हणूनच," नीलिमा म्हणाली आणि पुढचा मेमो घेतला.

स्वातीला ते विचित्र वाटलं. थोडं आखडूपणाचंही वाटलं. पण त्या पट्टीची हकिकत खिडकीवर बसून सांगण्यासारखी नव्हती. ती सांगायची तर दहा-अकरा वर्षं मागे, गौलीगुड्यात जावं लागतं.

गौलीगुड्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत उदगीरकरांचं घर. तीन पिढ्या सरकारी नोकरीत किंवा मास्तरकीत गेलेल्या, आणि तीन पिढ्यांत एकाही माणसाकडे कोणी बोट दाखवलेलं नव्हतं. घरात दागिने फारसे नव्हते, जमीन नव्हती. हे एवढंच होतं, आणि ते दागिन्यासारखंच जपलं जायचं. नीलिमाचे वडील रामचंद्रराव अफझलगंजच्या बाजूला, जुन्या मराठी मंडळींच्या संस्थेने चालवलेल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सगळं कॉलेज त्यांना वचकून असे. उदगीरकर सरांच्या हातून साठ मिळाले तर मुलं गल्लीत पेढे वाटत.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत नीलिमाचा नंबर थोडक्यात हुकला, आणि तिने त्याच कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. घराजवळ, फी कमी, ओळखीचं. पहिल्या दिवशी सकाळी अप्पांनी, म्हणजे रामचंद्ररावांनी, तिला बोलावून घेतलं.

"कॉलेजच्या फाटकाच्या आत मी तुझा अप्पा नाही. सर म्हणायचं. शेवटच्या बाकावर बसायचं. शंका असली तर सगळ्यांसारखा हात वर करून विचारायची. घरी विचारायची नाही."

"घरी का नाही, अप्पा?"

"इतरांना घरी विचारायला मी मिळतो का?"

सकाळी बापलेक वेगवेगळे निघत. अप्पा मोठ्या रस्त्याने, ती भाजीबाजाराच्या गल्लीने. फिजिक्सच्या मास्तरची मुलगी फिजिक्स समजून घ्यायला अफझलगंजच्या सरकारी लायब्ररीत जाऊन बसायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर जो माणूस एका वाक्यात उत्तर देऊ शकला असता त्याला चहा नेऊन द्यायची.

अप्पा शिकवायचे मात्र फार सुरेख. पहिल्या प्रॅक्टिकलला त्यांनी व्हर्नियर कॅलिपर वर धरला आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, "आधी जबडे पूर्ण मिटवा. शून्यासमोर शून्य येतंय का बघा. येत नसेल तर उपकरणातच खोट आहे. ती किती आणि कुठल्या बाजूला, हे आधी शोधा, मग मोजायला घ्या. ज्याला आपल्या उपकरणाचा झिरो एरर माहीत नाही, त्याने रीडिंग सांगूच नये."

शेवटच्या बाकावरून नीलिमाने ते वहीत उतरवून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

पोटचं मूल वर्गात असेल तर त्याचं प्रॅक्टिकल दुसऱ्याकडे तपासायला द्यायचं, असा कॉलेजात रिवाज होता. विभागप्रमुख नागेश्वरराव सर आपणहून म्हणाले होते, "उदगीरकर, बच्ची की बॅच मेरे कू दे दो. तुम परेशान नक्को हो." अप्पांनी मानलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या हाताचा भरवसा नाही असं ठरतं, सर."

पहिल्या वर्षाअखेर प्रॅक्टिकलचे मार्क बोर्डावर लागले. पन्नासपैकी वर्गात बहुतेकांना पस्तीसच्या वर होते. नीलिमाला एकतीस.

त्या उन्हाळ्यात अप्पांचे मित्र सुधीरकाका जेवायला आले. ते हायकोर्टात वकील. वरणभातावर तूप घेता घेता अप्पांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "आमच्या नीलूला यंदा मी एकतीस दिले. वर्गात सगळ्यांत कमी."

सुधीरकाकांचा घास हातातच राहिला. "काय सांगतोस! रामचंद्र, याला म्हणतात सचोटी. आजच्या काळात बाप पोरांसाठी काय काय करतात, मी कोर्टात रोज बघतो. तू आपल्या माणसांची मान ताठ केलीस बघ."

नीलिमा तिथेच वाढत होती. तिचीही मान ताठ झाली. खरं सांगायचं तर तिला ते एकतीस आवडले. कॉलेजात मैत्रिणींनी छेडलं तर ती म्हणायची, "अप्पांचे एकतीस म्हणजे दुसऱ्यांचे पंचेचाळीस." मैत्रिणी हसायच्या. ज्याला अप्पा माहीत नाहीत त्याच्यासाठी एकतीस म्हणजे किती, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही. घरात कोणालाच पडला नाही. आई तेवढी सुधीरकाकांना आणखी भात वाढायला वळली.

दुसरं वर्ष सुरू झालं ते त्र्याण्णव साल. शहर डोळ्यांदेखत बदलत होतं. कोठीपासून नारायणगुड्यापर्यंत कॉम्प्युटर शिकवणारे क्लास उघडले होते. त्यांच्या दारात चपला काढाव्या लागत आणि आत देवळासारखं गार असे. ज्या घरांत मुलगा महसूल खात्यात चिकटला की आईबाप सुटकेचा श्वास टाकत, त्या घरांत आता अमेरिकेचं नाव निघू लागलं. आणि ज्या कॉलेजांची मुलं मार्कांत मागे पडत, त्या कॉलेजांकडे कोणी फिरकेना. इंटर्नलचे, म्हणजे प्रॅक्टिकलसारखे कॉलेजच्या हातात असलेले मार्क, सगळीकडे सढळ हाताने वाटले जाऊ लागले.

नीलिमाच्या प्रॅक्टिकलचा जोडीदार होता पराग देगलूरकर. मोठा बडबड्या, मनाचा वाईट नव्हे. वर्ग सुरू होऊन निम्मा वेळ गेला की यायचा आणि तिच्या वहीत डोकावायचा.

"नीलू, रीडिंग दे ना. उदगीरकर सरांची पोरगी तू, तुझे रीडिंग चुकूच शकत नाहीत."

"स्वतः घे. लंबक समोर टांगलेला आहे."

"मी घेतले तर गुरुत्वाकर्षण बदलेल गं. पृथ्वीचं वाटोळं होईल. तुला चालेल?"

ती हसायची आणि वही सरकवायची. अख्खं वर्ष असंच गेलं. सातव्या प्रयोगात तिने एक आकडा चुकून खोडला आणि बाजूला पुन्हा लिहिला, तर परागने तो खोडसुद्धा उतरवून घेतला.

वर्षाअखेर बोर्डावर मार्क लागले. पराग चव्वेचाळीस. नीलिमा बत्तीस.

आकडे तेच, आलेख तेच, उत्तरं तीच. नीलिमा बोर्डासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा तिला मान ताठ करता येईना. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने शेवटच्या बाकावरून हात वर केला. सांगितलं होतं तसा.

"सर, माझ्या प्रॅक्टिकलमध्ये काय चुकलं?"

अप्पांनी खडू टेबलावर ठेवला. "अक्षर," ते म्हणाले. "आणि नीटनेटकेपणा."

पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून नीलिमाकडे बघत राहिली. सगळ्या वर्गात नीलिमाचं अक्षर सर्वांत सुंदर होतं. कॉलेजच्या समारंभाचे फलक तिच्याकडूनच रंगवून घेत.

त्याच उन्हाळ्यात विद्यानगरपलीकडच्या मोठ्या विद्यापीठाने एक सोय काढली. कॉम्प्युटरचा नवा कोर्स. कॉलेजात दोन वर्षं झालेल्यांना थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, वेगळी परीक्षा नाही, फक्त दोन वर्षांचे मिळून साठ टक्के हवेत. जागा मोजक्या आणि सोय त्या एकाच वर्षापुरती. इंजिनिअरिंग हुकलेल्या मुलांना हे दार दुसऱ्यांदा उघडल्यासारखं होतं. नीलिमाने रात्रंदिवस दुसरं काही मनात आणलं नाही. गणितात तिला उत्तम मार्क होते. भाषेत होते. मेमो हातात आला तशी ती परागबरोबर विद्यापीठाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

खिडकीमागे एक म्हातारे क्लार्क होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली.

"पाँच सौ चौरानवे. हजार में छे सौ होना. छे कम हैं अम्मा."

"साब, छेइच तो कम हैं."

"छे हो या साठ, कम बोले तो कम. मेरे हात में क्या है?" मग त्यांनी मेमो डोळ्यांजवळ नेला. "इंटर्नल में इत्ते कम? तुम्हारे कॉलेज के बाकी बच्चे चालीस-पैंतालीस ला रहे. सर से कुछ झगड़ा हुआ था क्या?"

मागून परागला हसू आवरेना. "झगड़ा नहीं चाचा, रिश्ता है!"

रांगेतली मुलं हसली. चाचांना काही कळलं नाही. त्यांनी मेमो परत दिला आणि दया आल्यासारखा आवाज खाली आणला. "कॉलेज कू जाओ. जाँच फिर से करा के सर से लिखा के लाओ. आठ दिन हैं. कल एक बच्चा लाया, मैं ले लिया."

परागचे सहाशे दोन भरले. त्याचा अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यात गेला.

नीलिमा तडक कॉलेजात, नागेश्वरराव सरांकडे गेली. सरांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "बेटी, मीटिंग में तय हुआ था. इस साल चालीस के नीचे किसी कू नहीं. तुम्हारे अप्पा पहले माने नहीं. फिर बोले, सब कू बराबर देते तो ठीक है. और तुम्हारे सामने बत्तीस! मैं बोला भी उनकू. बोले, घर की बात है." त्यांनी हात पसरले. "वो एक चिठ्ठी लिख दें कि जाँच फिर से की, मैं आज के आज साइन करता हूँ."

ती घरी आली तेव्हा अप्पा पेपर वाचत होते आणि आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"अप्पा, नागेश्वरराव सर म्हणाले, तुम्ही एक पत्र दिलंत तर माझा प्रवेश होईल. सहाच मार्क कमी पडतात."

"काय लिहायचं पत्रात?"

"फेरतपासणी केली म्हणून."

"मी केलेली नाही."

"मग करा ना. तुमच्या हातानेच करा."

अप्पांनी पेपर खाली घेतला. "करून मार्क वाढले तर लोक काय म्हणतील? पोरीची सीट अडली तेव्हा बापाचा हात सैल झाला."

"आणि नाही वाढवले तर लोक काय म्हणणार आहेत?" आई खाली बघूनच म्हणाली. "काहीसुद्धा नाही. लोकांना आठवणसुद्धा राहणार नाही. लोक आपापल्या पोरांच्या सीटा बघताहेत."

"अलका, तू यात पडू नकोस."

"का नको पडू? सगळ्या वर्गाला चाळीसच्या वर वाढलंत. शेजाऱ्यांच्या पोरांना डाव भरभरून, आणि घरच्या पोरीच्या ताटात डाव झटकून! मी जन्मभर असं वाढलं असतं तर तुम्ही ताट भिरकावलं असतंत."

अप्पांशी कोणी असं बोललं तर ते ऐकून घेतील असं नीलिमाला कधी वाटलं नव्हतं. पण त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

नीलिमा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "सीट जाऊ दे अप्पा. मला एवढंच सांगा. तुम्ही मुद्दाम कापलेत, की माझे तेवढेच होते?"

"जेवढे दिले तेवढे होते."

"मग परागला..." ती बोलायला गेली आणि थांबली. परागने सगळं तिचंच उतरवलं होतं हे सांगितलं असतं तर अप्पा त्याच पावली उठले असते. कॉलेजात जाऊन परागचे मार्क खाली आणले असते, विद्यापीठाला कळवलं असतं. तिचे वर मात्र आणले नसते. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिने तोंड मिटून घेतलं.

आठ दिवस गेले. रोज सकाळी आई एक कोरा कागद आणि पेन अप्पांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची. रोज संध्याकाळी तो कागद तसाच कोरा उचलून ठेवायची. नवव्या दिवशी तिने त्यावर वाण्याचं सामान लिहिलं.

तिसऱ्या वर्षी नीलिमा त्याच कॉलेजात, त्याच शेवटच्या बाकावर बसली. जोडीदार नवा होता. तिला पदवी मिळाली तेव्हा तीन वर्षांचे मिळून बासष्ट टक्के झाले, पण ते दार तोवर बंद झालं होतं. वर्षभर कोठीच्या एका क्लासात ती दुसऱ्यांचे अर्ज टाइप करत राहिली. मग या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात लागली. दिलीपशी लग्न झालं. तो बँकेत. घर विद्यानगरात मिळालं. रोज सकाळी तिची बस त्या मोठ्या विद्यापीठाच्या कमानीसमोरून जाते. खिडकीची जागा मिळाली तरी ती त्या बाजूला बसत नाही.

पराग सॉफ्टवेअरमध्ये शिरला. शतक उलटताना जगभरच्या कॉम्प्युटरांतले तारखांचे आकडे दुरुस्त करायला माणसं हवी होती, त्यात तोही अमेरिकेला गेला. दोन हजार एक साली जानेवारीत तो हैदराबादला आला आणि मिठाईचा खोका घेऊन सरांना भेटायला गौलीगुड्यात हजर झाला. अप्पा तेव्हा निवृत्त झाले होते. नीलिमा योगायोगाने माहेरी होती.

परागने वाकून पाया पडल्यावर अप्पांचा चेहरा असा फुलला की नीलिमाने तसा क्वचितच पाहिला होता. "माझा विद्यार्थी!" ते आईला सांगू लागले, जणू ती त्याला ओळखतच नव्हती. "प्रॅक्टिकलला चव्वेचाळीस होते याला. अजून लक्षात आहे माझ्या."

परागला राहवलं नाही. माणूस मोठा झाला की जुन्या लबाड्या गोड वाटायला लागतात. "सर, आज कबूल करतो. ते सगळे रीडिंग नीलिमाचे होते. वर्षभरात मी एकदाही लंबकाला हात लावला नाही."

अप्पा मोठ्याने हसले. "मला काय कळत नव्हतं? सातव्या प्रयोगात दोघांचीही तीच खाडाखोड! तेव्हाच ओळखलं होतं मी."

नीलिमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"ओळखलं होतं?" तिने विचारलं. "मग याला चव्वेचाळीस का दिलेत?"

"अगं, मीटिंगमध्ये ठरलंच होतं तसं. आणि याच्याबद्दल मला कोण विचारणार होतं?" अप्पा अगदी सरळपणे म्हणाले. त्यात काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नसावं.

परागने चहाच्या कपात मान घातली. थोड्या वेळाने घड्याळ बघून तो उठला. जिना उतरताना म्हणाला, "नीलू, मला खरंच वाटलं नव्हतं की..." तिने "सावकाश, शेवटची पायरी उंच आहे" म्हटलं आणि दार लावलं.

त्या दिवसापासून तिचं डोकं एका जागी अडकलं आहे. चव्वेचाळीस फुगवलेले होते, हे आता नक्की. बत्तीस कापलेले होते, की खरेच तेवढे होते? त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी ती स्वतः होती. दोन वर्षांत मिळून फक्त सहा हवे होते. कापले असतील तर बापाने तिचं दार स्वतःच्या हाताने लावलं. कापले नसतील तर तिला वाटायचं तेवढी हुशार ती कधी नव्हतीच, आणि मग कोणावर रागवायलाही जागा उरत नाही. यातलं कुठलं बरं, हेसुद्धा तिला ठरवता येत नाही. उपकरणाचा झिरो एरर माहीत नसेल तर रीडिंग सांगू नये, हे तिने दोन रेघा मारून लिहून घेतलं होतं. अप्पांचा हात कोणत्या बाजूला आणि किती चुकायचा, हे फक्त अप्पांना ठाऊक.

परवाच्या शुक्रवारी खिडकीत एक मेमो आला. नीलिमाने पट्टी ठेवली, बेरीज केली. पुन्हा केली. तीन कमी होते.

"मॅडम, तीनच तो कम हैं," बाहेरची मुलगी म्हणाली.

"कम बोले तो कम," नीलिमा म्हणाली. "कॉलेज में जाके जाँच फिर से कराओ."

हात मागे गेला. स्वाती खुर्ची वळवून बघत होती. "मॅडम, तीन मार्कांसाठी? कोणाला कळलं असतं?"

"साठ म्हणजे साठ."

बोलून झाल्यावर तिला तो आवाज ओळखीचा वाटला. गौलीगुड्यातल्या घरातून आल्यासारखा. तिने पट्टी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि पाणी प्यायला उठली. पण परत आल्यावर तीच पट्टी काढून पुढच्या मेमोच्या नावावर ठेवली. दुसरं काही तिला येतच नव्हतं.

रविवारी ती माहेरी गेली. अप्पा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. एक जुना विद्यार्थी नुकताच येऊन गेला होता आणि अप्पा तिला त्याचे मार्क सांगत होते. कुठल्या साली, कुठल्या विषयात, किती. त्याच्या वर्गातल्या आणखी दोघांचेही सांगितले. बासष्टाव्या वर्षीही सगळं तोंडपाठ.

आई आत कुकर लावत होती. नीलिमाने अप्पांच्या शेजारी बसायला वेताचा बुटका मोडा ओढला.

"अप्पा, माझे सांगा ना. दुसऱ्या वर्षाचे. प्रॅक्टिकल."

"तुझे?" अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "तुझे काही आठवत नाहीत बुवा आता."

"बत्तीस दिले होते तुम्ही."

"असतील."

"दिले ते मला ठाऊक आहे." आत कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत ती थांबली. अप्पा खिडकीबाहेर, बस स्टँडच्या दिशेने बघत होते. "मी ते नाही विचारत. माझ्या वहीवर नाव नसतं, नुसते आकडे असते, तर? अप्पा, खरे किती होते?"